विषाची वाट कोण सांगणार?

मी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकचा. आमच्याकडची बोलणी म्हणजे कांदा, बटाटा, ऊस आणि मंचरच्या बाजारातला भाव. मग या कवितेतल्या माणसानं कारखान्याच्या रसायनांवर का बोलावं, असं तुमच्या मनात येईल. पण आमच्या एका अंगाला चाकण आहे, दुसऱ्या अंगाला रांजणगाव. तालुक्यातली पोरं तिथं कामाला जातात, लेकी तिकडच्या गावांत नांदतात. घोडनदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. पाण्याला तालुक्याची हद्द कुठे ठाऊक असते?

कारखान्याशेजारच्या गावात लोक एकच प्रश्न विचारतात, ‘पाणी चांगलं आहे ना?’ उत्तरही एकाच शब्दात मागतात. शास्त्राची रीत मात्र वेगळी आहे. ते तीन गोष्टी विचारतं. विष कुठं आहे? ते कोणत्या वाटेनं निघतं? आणि त्या वाटेच्या टोकाला कोण उभं आहे? पक्क्या बंद पिंपातलं, कुणापर्यंत न पोचणारं रसायन आज इजा करत नाही. पण पिंप गळलं, खालची माती भिजली, मातीतून विहिरीत उतरलं आणि विहिरीवर घागर आली, की तिन्ही दुवे जुळले. मग पुढचा हिशेब, किती आणि किती दिवस.

हा हिशेब आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झाला तो २००९ साली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीनं ८८ औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. उगम, वाट आणि माणूस हीच त्यामागची कसोटी. परीक्षेत जास्त गुण म्हणजे हुशारी, इथं जास्त गुण म्हणजे धोका. ७० च्या वर गेलेली ४३ क्षेत्रं निघाली. त्यांत महाराष्ट्राची पाच होती. चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. तारापूरला तेव्हा ७२.०१ गुण होते. २०१८ च्या पाहणीत ते ९३.६९ झाले आणि तारापूर देशात पहिलं आलं. मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली होती, म्हणून दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण पहिला नंबर तो पहिलाच.

त्याआधीच, २०१६ साली, तिथल्या मांगेला समाजाच्या परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती. खाडीवर आणि समुद्रावर पोट असलेली ही माणसं. पुढे लवादानं नुकसान मोजायला तज्ज्ञांची समिती नेमली. क्रम ध्यानात घ्या. आधी जाळं ओढणाऱ्यांची तक्रार, मग तज्ज्ञांचं मोजमाप. जपानमध्ये मिनामाता गावी हेच घडलं. १९५६ साली तिथल्या डॉक्टरांनी विचित्र आजाराची नोंद केली. कोळ्यांच्या घरची मांजरं त्याआधीच झिंगून पडत होती. कारखान्यातून समुद्रात गेलेला पारा हेच कारण, असं सरकारनं मान्य करायला १९६८ साल उजाडलं. बारा वर्षं लोक तेच मासे खात होते.

माझी एक चुलत बहीण आपल्याच जिल्ह्यात एका औद्योगिक वसाहतीशेजारी राहते. घरच्या बोअरच्या पाण्याला उग्र वास येऊ लागला, म्हणून तिनं ते तपासून घेतलं. कागद आला, ‘पिण्यास योग्य’. ती मला म्हणाली, ‘भाईजान, कागद म्हणतो पाणी चांगलं, नाक म्हणतं नाही. मी कुणाचं ऐकू?’ मी कागद वाचला. त्यात जंतू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट यांची तपासणी होती. कारखान्यात वापरतात त्या द्रावकांचं किंवा जड धातूंचं नावही नव्हतं. कागद खोटा नव्हता. त्याला जे विचारलं, तेवढंच त्यानं सांगितलं.

आणखी एक. तपासणी पाण्याची होते, पाणी वापरणाऱ्याची होत नाही. साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं धरतात, दहा किलोचं मूल एक लिटर. म्हणजे वजनाच्या हिशेबानं मुलाच्या पोटात तिप्पट जातं. शिवाय पिणं ही एकच वाट नाही. त्याच पाण्यानं आंघोळ होते, आणि काही द्रावकं गरम पाण्याच्या वाफेबरोबर श्वासात जातात. बहिणीच्या घरी पाच वेळा वजू होते, चूळ भरली जाते. परसातली मेथीही त्याच पाण्यावर. हे प्रयोगशाळेतल्या माणसाला कोण सांगणार? घरची बाईच सांगू शकते. आणि पाणी उकळलं की झालं, हा समजही सोडावा. उकळण्यानं जंतू मरतात, शिसं आणि कॅडमियम तसंच राहतं. पाणी आटलं तर प्रमाण उलट वाढतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी देणं हे जिल्हा प्रशासनाचं काम ठरलं. त्यावर राज्याच्या मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज पडली तर पुढे सविस्तर तपासणी, आणि दोषी ठरेल त्यानं सफाईचा खर्च सोसायचा. पण गावानं तोंड उघडलं नाही, तर यादीत जागा येणार कशी?

म्हणून एक वही करा. कोणत्या विहिरीचं पाणी, कोणत्या तारखेला, रंग काय, वास कसा, पाऊस होता की ऊन, ते लिहा. कारखान्याला दिलेल्या संमतिपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि तिथं वापरल्या जाणाऱ्या रसायनांची नावं घेऊन तपासणी मागा. नमुना उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा घ्यायला लावा. आजारी पडलात तर केसपेपर करून घ्या, आपण कुठं राहतो ते त्यावर लिहायला सांगा. २०१६ पासूनच्या गुणपद्धतीत परिसरातल्या रुग्णालयांच्या नोंदी धरतात. जे नोंदलं नाही, ते मोजलं जात नाही.

प्रत्येक खोकल्याचं खापर कारखान्यावर फोडू नये, हेही खरं. शे-दोनशे घरांच्या गावात चार आजारी माणसांवरून कारण सिद्ध करणं शास्त्रालाही जड जातं. पण ‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असा अर्थ कुणी सांगितला, तर तो मान्य करू नका. काय तपासलं, कुठलं तपासलं, कधी तपासलं, हे तीन प्रश्न त्याला शांतपणे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)