मुक्या यंत्राचें पातें

बंगल्यापुढील हिरवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जितकी शांतता देते, तितकी ती राखणाऱ्याला देत नाहीं. मृगाच्या सरी कोसळूं लागल्या, कीं आठ-दहा दिवसांत गवत घोट्यापर्यंत येतें. आणि महिनाभर दुर्लक्ष झालें, तर हिरवळीचें कुरण होतें. पुण्या-नाशकाकडील बंगल्यांतून हें काम पूर्वीं माळ्याच्या विळ्यावर, नाहींतर ढकलावयाच्या यंत्रावर चालत असे. आतां कित्येक घरीं बॅटरीवर चालणारें यंत्र आलें आहे. त्याला तेल नको, त्याचा धूर नाहीं, मागें लांबलचक तार फरफटत नाहीं, आणि शेजाऱ्यांची झोपहि मोडत नाहीं. या गुणांमुळें तें लोकांना आवडूं लागलें, यांत नवल नाहीं. परंतु याच गुणांपैकीं एक, म्हणजे त्याचें मौन, पातें बदलण्याच्या वेळीं मोठा दगा देऊं शकतें. आणि त्या वेळीं यंत्राखालीं जो हात असतो, तो बहुधा मालकाचा नसून माळ्याचा असतो. म्हणून हें लहानसें काम कसें करावें, याची माहिती घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला असणें अवश्य आहे.

गवत कापण्याचें यंत्र ही मूळची इंग्लंडांतील कल्पना. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाच्या परिसरांत लोंकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभी राहिलेली लव कातरून तें गुळगुळीत करणारें, फिरत्या पात्यांचें एक यंत्र त्या गिरण्यांत वापरीत. तें पाहून एडविन बियर्ड बडिंग या कारागिराच्या मनांत आलें, कीं जें कापडावरील लवेला लागू, तें जमिनीवरील लवेला कां नसावें? १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८३२ पासून इप्स्विच येथील रॅन्सम यांचा कारखाना परवाना घेऊन तीं यंत्रें बनवूं लागला. त्या यंत्राचें तत्त्व कात्रीचें होतें: फिरणाऱ्या रुळावरचीं पातीं खालच्या स्थिर पात्याला घासून जात आणि मध्यें सांपडलेलें गवत कातरलें जाई.

आजच्या बॅटरीच्या यंत्रांत बहुधा ही रचना नसते. त्यांत पोलादाची एकच पट्टी जमिनीला समांतर गरगरा फिरते. तिच्यासमोर दुसरें पातें नसतें. म्हणजे तिचें नातें कात्रीशीं नसून कोयत्याशीं आहे. कोयता जसा केवळ वेगाच्या बळावर तोडतो, तशीच ही पट्टीहि तोडते. हा वेग किती, याचा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. पातें ४० सेंटीमीटर लांब असून मिनिटाला ३,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशीं सुमारें २६४ किलोमीटर होतो. आगगाडीलाहि मागें टाकणारें हें टोक चालणाऱ्याच्या पावलापासून हातभर अंतरावर, केवळ एका पातळ आवरणाखालीं फिरत असतें. हाताचा खटका सोडला, तरी पातें तत्क्षणीं थांबत नाहीं. अमेरिकेंत १९८२ पासून लागू झालेल्या नियमानें, मागें चालत वापरावयाच्या अशा यंत्राचा खटका सोडल्यावर पातें तीन सेकंदांत थांबलेंच पाहिजे असें बंधन घातलें. तीन सेकंद हा काळ बोलण्यांत अल्प वाटतो. बोटांच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे.

पातें बदलण्याची वेळ आली, हें ओळखावें कसें? पहिली साक्ष गवतच देतें. कापणी झाल्यावर एक-दोन दिवसांनीं बागेंत बसून गवताचीं टोकें न्याहाळावीं. धारदार पात्यानें कापलेलें टोक सरळ व स्वच्छ दिसतें. बोथट पात्यानें फाडलेलें टोक चिंध्या झाल्यासारखें दिसतें, लवकर सुकतें, आणि दुरून सारी हिरवळ पिंगट भासते. अशा जखमी टोकांतून ओलावा उडून जातो व रोगालाहि शिरकाव मिळतो. दुसरी साक्ष बॅटरी देते. एका भरण्यांत जी हिरवळ पुरी होत असे, ती आतां अर्ध्यावरच राहते. कारण बोथट पातें ओढण्यास मोटरीला अधिक शक्ति खर्चावी लागते. पुष्कळ लोक या वेळीं बॅटरी म्हातारी झाली असें समजून नव्या बॅटरीची चौकशी करूं लागतात. वास्तविक दोष पात्याचा असतो. तिसरी साक्ष दांड्यावरील हातांना मिळते. यंत्र थरथरूं लागलें, तर पातें वांकलें आहे किंवा त्याचा एक बाजूचा तुकडा उडाला आहे असा संशय घ्यावा. गवतांत लपलेला विटेचा तुकडा, नारळाच्या झावळीचा दांडा किंवा पाण्याच्या फवाऱ्याचें तोंड एकदां लागलें, तरी एवढें होण्यास पुरेसें असतें.

नुसतें बोथट झालेलें पातें कानशीनें पुन्हां धारेवर आणतां येतें. मात्र धारेचा मूळचा उतार बदलूं नये आणि दोन्हीं टोकांचें वजन सारखें राहील हें पाहावें. त्याची परीक्षा सोपी आहे. भिंतींतील खिळ्यावर पातें मधल्या भोकानें आडवें अडकवावें. जें टोक खालीं झुकेल तें जड समजून तिकडे आणखी थोडी कानस चालवावी. परंतु पातें वांकलें असेल, त्याला चीर गेली असेल, टोकाचा वर वळलेला भाग झिजून कागदासारखा झाला असेल किंवा मधलें भोक सैल पडलें असेल, तर कानशीचा व हातोडीचा नाद सोडून नवें पातें आणावें. ठोकून सरळ केलेलें पातें फिरतां फिरतां तुटलें, तर त्याचा तुकडा कोणाच्या अंगांत शिरेल याचा नेम नाहीं. नवें पातेंहि त्याच यंत्रासाठीं नेमलेलें असावें. लांबी सारखी दिसली, तरी मधल्या भोकांची ठेवण निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळी असते.

आतां या विषयाच्या मर्माकडे वळलें पाहिजे. कल्पना करावी, कीं रविवारची सकाळ आहे. ओल्या गवतानें यंत्र कोंदलें आहे, पातेंहि बदलावयाचें आहे. माळी यंत्र आडवें करून आंत हात घालणार, तोंच मालक विचारतात, "काका, बॅटरी काढली का?"

"मशीन बंदच आहे की, साहेब," असें साधें उत्तर येतें.

हें उत्तर खोटें नाहीं. पण तें पुरेसेंहि नाहीं. पेट्रोलचें यंत्र चालूं असतांना गर्जना करतें. त्याच्या अंगीं जीव आहे हें कोणालाहि सांगावें लागत नाहीं. तारेच्या यंत्राची तार भिंतींतून उपटली, कीं ती डोळ्यांसमोर लोळत पडते. बॅटरीचें यंत्र मात्र थांबलें म्हणजे अगदीं मुकें होतें, आणि त्याची सारी शक्ति झांकणाखालीं जशीच्या तशी शाबूत असते. बंद असणें निराळें आणि निर्जीव असणें निराळें. खटका सारखा दाबून धरावा लागतो, याचा कंटाळा येऊन कित्येक जण तो सुतळीनें दांड्याला बांधून टाकतात. माणसाचा हात सुटतांच यंत्र थांबावें, म्हणून जी योजना केलेली असते, तीच अशा रीतीनें जायबंदी होते. अशा वेळीं माळी खालीं वांकलेला असावा आणि घरांतील पांच-सहा वर्षांच्या मुलानें खेळतां खेळतां दांड्यावरचें बटण दाबावें, एवढेंच घडावयाचें बाकी असतें. पुढचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं.

यास्तव पहिला नियम असा, कीं यंत्र उलटें करण्यापूर्वीं, त्याच्याखालीं बोट घालण्यापूर्वीं, किंबहुना आंतलें गवत काढण्यापूर्वींहि, बॅटरी बाहेर काढावी. यंत्राला निराळी सुरक्षेची किल्ली असेल, तर तीहि काढून काम करणाऱ्यानें स्वतःच्या खिशांत ठेवावी. काढलेली बॅटरी मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा कोरड्या फळीवर ठेवावी. खिळे, बोल्ट वगैरे लोखंडी सामानाच्या पिशवींत ती टाकूं नये, कारण तिचीं टोकें धातूनें जोडलीं गेल्यास ती तापून पेट घेण्याचा संभव असतो.

एवढें झाल्यावर बाकीचें काम अवघड नाहीं. गवताची पेटी काढावी, हातांत जाड मोजे घालावे आणि यंत्र कुशीवर निजवावें. आंत चिकटलेलें गवत लाकडी फळकुटानें खरवडावें व ब्रशानें झाडावें. विजेच्या यंत्रावर नळीनें पाण्याचा मारा करूं नये. मग पातें कोणत्या बाजूनें बसलें आहे हें नीट पाहून घ्यावें. जवळ मोबाईल असल्यास एक छायाचित्र काढून ठेवावें. पातें आणि आवरणाची भिंत यांच्यामध्यें लाकडाचा ठोकळा अडकवावा, म्हणजे पाना लावल्यावर पातें फिरणार नाहीं. मधला बोल्ट बहुतेक यंत्रांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरवल्यास सुटतो; परंतु कांहीं यंत्रांत उलटे आटे असतात, म्हणून जोर करण्यापूर्वीं पुस्तिका पाहावी. पाना बोल्टाच्या मापाचाच असावा. सरकत्या तोंडाचा पाना शोधून काढण्याचें श्रेयहि त्याच बडिंगला दिलें जातें. तथापि या कामीं तो घसरून बोल्टाचे कोपरे झिजवतो, म्हणून मूळ यंत्रकाराची क्षमा मागून तो दूर ठेवणेंच बरें.

बोल्ट सुटल्यावर त्यामागोमाग चकत्या, बैठक व कांहीं यंत्रांत प्लास्टिकचा एक तुकडा निघतो. हे भाग ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें वर्तमानपत्रावर ओळीनें मांडावे. प्लास्टिकचा तुकडा निरुपयोगी समजून फेंकून देण्याची चूक पुष्कळदां होते. यंत्रकारानें तो विचारपूर्वकच घातलेला असतो.

नवें पातें बसवितांना एकच शंका माणसाला छळते: वरची बाजू कोणती? टोकांचा जो भाग पंखासारखा वळलेला असतो, तो वर, म्हणजे यंत्राच्या पोटाकडे असावा. हा पंख खालून वारा ओढून गवत उभें करतो आणि कापलेलें गवत पेटीकडे फेंकतो. कित्येक पात्यांवर 'ही बाजू गवताकडे' अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उमटविलेलीं असतात. पातें उलटें बसल्यास धारेऐवजीं बोथट कड गवतावर आपटते. आणि नवें पातें आणूनहि कांहीं सुधारलें नाहीं, म्हणून दुकानदाराला उगाच दोष दिला जातो. बोल्ट घट्ट करतांना ठोकळा दुसऱ्या बाजूला लावावा. बोल्ट किती आवळावा याचा आंकडा पुस्तिकेंत दिलेला असतो. सैल बोल्ट पातें सोडून देतो आणि अति आवळलेल्या बोल्टाचे आटे मरतात. मग मोजे घातलेल्या हातानें पातें एकदां सावकाश फिरवून तें कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें.

यानंतर यंत्र चाकांवर उभें करावें आणि सर्वांच्या शेवटीं बॅटरी बसवावी. आसपास कोणी नाहीं याची खात्री करून तें क्षणभर चालवावें. थरथर जाणवली, तर थांबवून, पुन्हां बॅटरी काढूनच, तपासावें. पहिल्या एक-दोन कापण्यांनंतर बोल्टहि त्याच रीतीनें पाहावा. आणि एका वेळीं गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षां अधिक कापूं नये. त्यानें गवतहि टिकतें व पातेंहि.

जुन्या पात्याविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. तें कचऱ्याच्या पिशवींत घालून दाराबाहेर ठेवणें म्हणजे आपल्या बोटांवरचें संकट सफाई कामगाराच्या बोटांवर ढकलणें होय. जाड कागदांत गुंडाळून, दोरीनें बांधून, तें भंगारवाल्याच्या हातीं सांगून द्यावें.

अखेरची गोष्ट पुस्तिकेची. ती बहुधा इंग्रजींत असते. ज्याला ती वाचतां येते, तो मालक पात्याला हात लावीत नाहीं. जो हात लावतो, त्या माळ्याला ती वाचतां येत नाहीं. ज्ञान एकाच्या कपाटांत आणि धोका दुसऱ्याच्या हातीं, अशी ही विभागणी आहे. ती मोडण्यास पांच मिनिटें पुरतात. मालकानें पावसाळ्यापूर्वीं एके दिवशीं माळ्याजवळ बसून त्याच्याच भाषेंत सर्व कृति समजावून सांगावी, त्याच्या हातून एकदां करवून घ्यावी, हातमोज्यांचा जोड विकत आणून द्यावा, आणि खटक्याची सुतळी असल्यास ती स्वतःच्या हातानें कापून टाकावी. यांत उपकार नाहीं. यंत्र विकत घेतांना त्याच्या किंमतीबरोबरच पत्करलेलें तें कर्तव्य आहे.

खंडेनवमीला आपल्या घरीं हत्यारांची पूजा होते. विळी, पाना, करवत यांच्याबरोबर आतां हें यंत्रहि ओळींत बसतें आणि त्याच्या दांड्यावर झेंडूची माळ चढते. त्या दिवशीं त्याला फूल वाहणारे हात दहाहि बोटांसह पुढच्या वर्षीं पुन्हां जोडले जावे, असें ज्या घराला वाटत असेल, त्या घरानें वर्षभर एकच प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी: "बॅटरी काढली का?"