सांगितलेले कर्ज आणि लपविलेले कर्ज



बँकेतला कारकून कर्जावर बोलणार म्हणजे व्याजाचे दर सांगणार, असा आपला समज झाला असेल. ते काउंटरवर येऊन विचारा. आज आम्ही अमेरिकेतील एका पद्धतीविषयी बोलणार आहोत. इथली मुले तिकडे शिकायला जातात, काही कायमची राहतात, तिथले नागरिकही होतात. त्यांच्यापैकी कुणाला संरक्षण खात्याच्या गुप्त कामावर नेमायचे ठरले, तर आधी त्याची पारख होते. सरकारचे गुपित याच्या हाती द्यावे की नाही, याचा निर्णय म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स.

त्यासाठी एसएफ-८६ नावाचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. पारखण्याच्या कसोट्या एकूण १३ आहेत. सध्याची नियमावली जून २०१७ पासून लागू आहे. त्यातली पाचवी वैयक्तिक वर्तनाची आणि सहावी पैशाच्या व्यवहाराची. या दोन शेजारी बसल्या आहेत हा योगायोग असेल, पण आम्हां बँकवाल्यांना तो फार बोलका वाटतो.

पैशाची कसोटी कशासाठी? कर्जात बुडालेल्या माणसाला विकत घेणे सोपे असते. ऑल्ड्रिच एम्स हे त्याचे जगजाहीर उदाहरण. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला, म्हणजे सीआयएतला, हा जुना अधिकारी. घटस्फोट आणि कर्ज यांनी घेरलेला असताना १९८५ साली त्याने सोव्हिएत वकिलातीला माहिती विकली आणि पहिल्या खेपेस ५० हजार डॉलर घेतले. पुढे हा आकडा २० लाखांच्या वर गेला. त्याने दिलेल्या नावांपैकी कित्येकांना तिकडे मृत्युदंड झाला. पगारदार माणसाने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले, तेव्हा सासरची मंडळी श्रीमंत आहेत अशी थाप त्याने मारली आणि ती बरीच वर्षे खपली! १९९४ साली तो पकडला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. म्हणून नियमावली कर्जाकडे पाहते तशीच ऐपतीबाहेरच्या संपत्तीकडेही पाहते.

मात्र कर्ज आहे म्हणून माणूस बाद, असा नियम तिथेही नाही. इतके डॉलर थकले की नकार, अशी रेषाच आखलेली नाही. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, घटस्फोट झाला, अशा हाताबाहेरच्या कारणाने कर्ज थकले आणि त्यानंतर माणूस जबाबदारीने वागला, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. सावकाराशी बोलून हप्ते बांधून घेतले, ठरल्याप्रमाणे भरले, तर त्याचे वजन पडते. जुगारापायी झालेले कर्ज, बुडविलेला कर, देण्याची ऐपत असून टाळाटाळ, या गोष्टी मात्र अंगाशी येतात.

खरा घात होतो तो अर्जात. गेल्या ७ वर्षांत कोणते देणे १२० दिवसांपेक्षा जास्त थकले, असे अर्ज विचारतो. आणि तुम्ही जामीन राहिलात ते कर्जही त्यात येते. आपल्याकडे मेहुण्याच्या कर्जाला सही करून विसरून जाणारे थोडे नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. उमेदवाराला वाटते, थकबाकी लिहिली तर जागा जाईल. तो 'नाही' लिहितो. पण तपासनीस पतसंस्थांच्या नोंदी मागवतोच. मग थकबाकी बाजूला राहते आणि पाचवी कसोटी पुढे येते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हाही आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. एक वाट ठेवली आहे: समोर कागद टाकले जाण्यापूर्वीच स्वतः होऊन चूक सुधारली, तर तिचा विचार होतो. पकडल्यावर दिलेल्या कबुलीला ती किंमत नाही.

हे मोठ्या साहेबांपुरतेच नाही. ईगन नावाचा मजूर पाणबुड्यांच्या दुरुस्ती-तळावर कामाला होता. गुन्ह्यांची नोंद होती, शिवाय आधीच्या दोन शिक्षा त्याने नोकरीच्या अर्जात सांगितल्या नव्हत्या. क्लिअरन्स नाकारला गेला, नोकरी गेली. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नव्हे, असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली याच खटल्यात सांगितले.

आता विद्यार्थ्यांनी आपल्या घराकडे पाहावे. सरकारी बँकांच्या कारकून-भरतीच्या अलीकडच्या जाहिरातींत कर्जफेडीचा इतिहास चांगला असावा अशी अट असते. म्हणजे मोबाइलचे थकलेले हप्तेही आड येऊ शकतात. सरकारी नोकरीच्या पडताळणी-अर्जात गुन्हे, खटले विचारतात. अवतार सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले की, माहिती खरी हवी, दडवादडवी नको. क्षुल्लक गोष्ट असेल तर ती माफ करण्याचा विचार नोकरी देणारा करू शकतो. आणि जे स्पष्टपणे विचारलेच नाही, ते न सांगितल्याबद्दल दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. म्हणून अर्जातला प्रत्येक रकाना दोनदा वाचा. कर्ज फिटले असेल तर त्या बँकेकडून 'नो ड्यूज'चा दाखला मागून घ्या आणि मार्कशीटच्याच फाइलला लावून ठेवा. तो द्यायला आम्ही कारकून थोडे कुरकुरतो, पण देतो.