पाहुण्या यंत्राला काय दिसते?

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाने संगणकावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु आमच्या शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली फिरत फिरत माझ्याकडे आली आणि किल्लीबरोबर अडचणीही आल्या. त्यांतील एका अडचणीने मला जे शिकवले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमच्या कार्यालयात दाखल्यांचा एक जुना प्रोग्राम आहे. तो फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र कार्यालयातील मुख्य संगणकावर आहेत. प्रोग्राम त्या नेटवर्कवरून मागवून घेतो. एक्सपीचा संगणक गेल्या वर्षी कायमचा बंद पडला. सुदैवाने त्याची हार्ड डिस्क शाबूत होती. तिची नक्कल करून मी ती नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून चालू केली.

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती. आज व्हर्च्युअलबॉक्ससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने हे काम शाळेच्या साध्या संगणकावरही होते. बाहेरच्या खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा.

आमचा पाहुणा उठून बसला, एक्सपीचा पडदाही दिसला; पण नेटवर्क लागेना. नेमक्या त्याच आठवड्यात शाळेची एक माजी विद्यार्थिनी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मागण्यास आली. तिला नोकरी लागली होती आणि शनिवारपर्यंत कागदपत्रे सादर करावयाची होती. हस्तलिखित रजिस्टरातील तिच्या वर्षाची पाने पावसात भिजून वाचण्यापलीकडे गेली होती. मी तिला म्हणालो, "उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. दोन एस. टी. बदलून येणाऱ्या बाईला "उद्या या" म्हणणे किती सोपे असते!

या दोन दिवसांत मी काय केले? केबल बदलली. स्विचचे पोर्ट बदलले. संगणकाबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी पाहुण्या यंत्रात तीनदा चालवली. प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा संदेश आला आणि नेटवर्क होते तिथेच राहिले. शेवटी मी एक्सपीला दोष देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहावीतला एक मुलगा खडू न्यायला आला आणि माझ्या मागे उभा राहून पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, ही सीडी बाहेरच्या कार्डाची आहे. पण आतल्या विंडोजला कोणते कार्ड दिसते?"

मित्रहो, या एका प्रश्नात सारे उत्तर होते. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्रभाग यांच्यामधला दुभाषा. पाहुण्याला यजमानाचे खरे कार्ड कधी दिसतच नाही. त्याला दिसते ते सॉफ्टवेअरने रंगवलेले दुसरेच कार्ड, आणि दुभाषा हवा तो त्या कार्डाचा. मी खऱ्या कार्डाचा दुभाषा आणून दारात उभा केला होता. त्याच्याशी बोलणारे आत कोणीच नव्हते.

आम्ही एक्सपीचे डिव्हाइस मॅनेजर उघडले. 'इथरनेट कंट्रोलर' या नावापुढे पिवळे प्रश्नचिन्ह होते. त्याच्या तपशिलात दोन क्रमांक सापडले: उत्पादक ८०८६ आणि उपकरण १००ई. पहिला क्रमांक इंटेल कंपनीचा आणि दुसरा तिच्या प्रो/१००० एमटी डेस्कटॉप या कार्डाचा. आमच्या खऱ्या संगणकात इंटेलचे कार्डच नाही! मग ते आले कोठून? आभासी यंत्र तयार करताना प्रणालींच्या यादीत मी एक्सपीऐवजी नंतरची विंडोज निवडली होती. त्यामुळे सॉफ्टवेअरने तिला साजेसे कार्ड दिले. त्या कार्डाचा ड्रायव्हर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये असतो. एक्सपीत तो नाही. म्हणजे दोष एक्सपीचा नव्हता, माझा होता.

आम्ही पाहुणे यंत्र पूर्ण बंद केले, कारण चालू यंत्राचे कार्ड बदलता येत नाही. मांडणीत जाऊन पीसीनेट-फास्ट ३ हे जुने कार्ड निवडले. त्याचा ड्रायव्हर एक्सपीत मुळातच असतो. यंत्र पुन्हा सुरू केले, आणि प्रश्नचिन्ह नाहीसे झाले.

अशी अडचण कोणालाही येईल, म्हणून तिचा क्रम सांगतो. पहिली पायरी: मांडणीत कार्ड चालू आहे काय आणि 'केबल जोडलेली' ही खूण आहे काय? दुसरी: पाहुण्याला कार्ड दिसते काय? तिसरी: त्याला ड्रायव्हर चिकटला आहे काय? चौथी: पत्ता मिळाला काय? पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर ड्रायव्हर ठीक आहे, पण पत्ता देणारा भेटला नाही, असे समजावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट जोडणीत एका कार्डाच्या यंत्राला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. तो आला की तक्रार ड्रायव्हरची उरत नाही. प्रत्येक पायरीवर थांबावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी.

लिनक्स पाहुण्यात हेच क्रमांक 'एलएसपीसीआय' या आज्ञेने दिसतात. काही ठिकाणी 'व्हर्टआयओ' नावाचे, खास आभासी यंत्रांसाठीच रचलेले कार्ड असते. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २००८ पासून आहे. विंडोजमध्ये तो वेगळा घालावा लागतो. मग पेच पडतो: ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही! अशा वेळी ड्रायव्हरची सीडी-प्रतिमा यजमानावर उतरवून घ्यावी आणि पाहुण्याच्या आभासी सीडी ड्राइव्हला जोडावी.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. असे यंत्र इंटरनेटवर मोकळे सोडणे धोक्याचे. म्हणून आम्ही 'ब्रिज' जोडणीने त्याला कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये घेतले, पत्ता हाताने भरला आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवला. त्यामुळे ते मुख्य संगणकाशी बोलते, पण बाहेरच्या जगाकडे त्याची वाट नाही.

त्या दुपारी दाखला छापून निघाला. ती बाई सकाळपासून बाकावर बसून होती. दाखला हाती घेऊन तिने आभार मानले, आणि मला लाज वाटली. माझ्या दोन दिवसांच्या अंदाजांची किंमत तिने एस. टी.च्या भाड्यात आणि काळजीत मोजली होती.

आपण शिक्षक मुलांच्या बाबतीतही कित्येकदा हेच करतो. मुलगा अडला की आपल्याला जे दिसते त्यावर इलाज सुरू करतो. त्याला काय दिसते हे विचारीत नाही. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने मला तो प्रश्न विचारायला शिकवले. आता तो दर शनिवारी संगणक कक्षाची वही लिहितो, आणि तिच्या पहिल्या पानावर माझीच चूक नोंदवलेली आहे.