संगणकाचे ठोके आणि संगणकाचें काम



संगणक विकत घेणारा गृहस्थ प्रथम एकच प्रश्न विचारतो, "प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा?" जणूं त्या एका आंकड्यांत यंत्राची सारी योग्यता सांठविलेली आहे! हा समज किती अपुरा आहे, तें एका जुन्या प्रोसेसरच्या उदाहरणानें आज पाहूं.

गोंदियाहून गोरेगांवमार्गें येणारा रस्ता कोहमाऱ्यास नागपूर–रायपूर महामार्गाला मिळतो. तेथील चौकांतून तासाभरांत किती माल पुढें जाईल, हें केवळ ट्रकच्या वेगावर ठरत नाहीं. रस्ता किती रुंद आहे आणि एका वेळीं किती गाड्या शेजारून जाऊं शकतात, हेंही पाहावें लागतें. प्रोसेसरचेंही तसेंच आहे. मेगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदाचे दशलक्ष ठोके. एका ठोक्यांत काम किती होतें, तें त्यावरून कळत नाहीं.

१९९२ सालीं इंटेल कंपनीचा ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स-२ निघाला. मार्च १९९३ मध्यें तिचाच पेंटियम आला, तोही ६० व ६६ मेगाहर्ट्झचा. त्याच्या घडणींत पुण्यास जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. ४८६ ची बाहेरील स्मृतीकडे जाणारी वाट ३२ बिटांची व ३३ मेगाहर्ट्झची. पेंटियमची ६४ बिटांची व ६६ मेगाहर्ट्झची. शिवाय आंत आज्ञा पार पाडणाऱ्या दोन रांगा. त्यामुळें ठोके तेवढेच असूनही पुष्कळ कामें जवळजवळ निम्म्या वेळांत होऊं लागलीं. मात्र दुसरी आज्ञा पहिलीच्या उत्तरावर अवलंबून असली, कीं तिला थांबणें प्राप्तच होतें.

वेगाबरोबर अचूकताही हवी. १९९४ सालीं पेंटियमच्या भागाकारांतील दोष उघडकीस आला. आंतील कोष्टकांत कांहीं नोंदी गळल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागिलें असतां १.३३३८ यावयाचे, तेथें १.३३३७ येत. प्रोसेसर बदलून देण्यापायीं कंपनीनें ४७ कोटी ५० लक्ष डॉलर बाजूस काढले.

पुढें २००६ मध्यें २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर-२ ड्युओनें ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ला मागें टाकलें, तें याच न्यायानें. तेव्हां नवा संगणक घेतांना, किंवा घरांतील जुना टाकाऊ ठरवितांना, केवळ आंकड्यावर विसंबूं नये. आपलें नित्याचें काम त्याजवर करून पाहावें, लागलेला वेळ मोजावा, आणि मगच पैसा खर्चावा.