एका ड्रिल मशीनची उस्तवार

‘उस्तवार’ हा शब्द आपल्याकडे आता आजारी माणसापुरता किंवा पाहुण्यांपुरताच उरला आहे. फारसीत ‘उस्तुवार’ म्हणजे भक्कम, पक्का. डळमळीत झालेलं पुन्हा भक्कम उभं करणं ती उस्तवार, असा अर्थ मी लावून घेतला तो एका जुन्या ड्रिल मशीनमुळे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला एक छोटा कारखाना बंद झाला. लेथ आधीच विकले गेले होते. कोपऱ्यात बेंचवरचं एक ड्रिल मशीन तेवढं राहिलं होतं. भंगारवाल्यानं काटा आणला होता. किलोचा जो भाव तो देणार होता, तोच देऊन मी ते घरी आणलं आणि मागच्या पडवीत ठेवलं.

असं यंत्र उचलताना घाम फुटतो, कारण ते बिडाचं असतं. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ते यंत्राची थरथर जिरवतात. म्हणून जुन्या यंत्राचं वजन हे ओझं नसून त्याचा गुण आहे. पण बीड वाकत नाही, एकदम तडकतं. खांबाला गंजून धरलेलं टेबल सोडवायला हातोडा उपयोगाचा नाही. फटीत पातळ तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, सकाळी लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकायचं. माझं टेबल चौथ्या दिवशी हललं.

सुट्या भागांचा गंज काढायला प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नये, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. शिवाय हायड्रोजन सुटतो, तेव्हा बादली उघड्यावर ठेवावी आणि जवळ विडीकाडी करू नये.

स्पिंडलची बेअरिंगं खडखडत होती. पुसल्यावर त्यावर ६२०३ हा आकडा दिसला. शेवटचे ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर. जगात कुठेही ६२०३ मागा, याच मापाचं मिळतं. मोटारीचा पट्टाही बदलला. पुलीच्या पायऱ्यांवर तो खालीवर करून वेग बदलतो. मऊ पोलादात ६ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला साधारण दीड हजार फेरे चालतात, १२ च्या बिटाला निम्मे. बीट जाड, तर चाल धिमी.

राहिलं टेबल. त्यावर वीसेक भोकं आणि अर्धवट खड्डे होते. खाली लाकूड न ठेवता काम केलं की बीट आरपार जाऊन टेबलात घुसतं. शिकाऊ पोरांचे प्रताप. ते बुजवायला मी लांबीचा डबा उघडला होता.

त्याच सुमारास त्या कारखान्यात उमेद घालवलेले एक मेस्त्री यंत्र बघायला आले. वय ऐंशीच्या पुढं. मी नव्या रंगाकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, “रंग झकास हाय भाई, पण आधी आवाज ऐकवा.” मी बटण दाबलं. मान खाली घालून ते ऐकत राहिले. मग “चाललंय” म्हणाले. यंत्र थांबल्यावर त्यांनी टेबलावरून हात फिरवला. एका भोकात त्यांचं बोट थांबलं.

“हे माझं. पहिल्या आठवड्यातलं. मालकांनी त्या दिवशी च्या पाजला नव्हता.”

“बुजवू का हे?” मी विचारलं.

“बुजवा की. यंत्र तुमचं हाय.” पण बोट काही त्यांनी काढलं नाही.

कारखान्याची पाटी उतरली, हजेरीपुस्तकं रद्दीत गेली. तिथं हात घडवलेल्या पोरांची खूण आता एवढीच. टेबलाच्या सपाटीला या खड्ड्यांनी बाध येत नाही. व्हाइस चोख बसतो, भोक सरळ पडतं. मी डब्याचं झाकण लावलं.

तुमच्या ओळखीत असं एखादं यंत्र निघत असेल, तर काट्यावर चढवण्याआधी त्यावर राबलेल्या माणसाला एकदा बोलावून आणा. बेअरिंग उद्याही मिळेल. त्या माणसाला मात्र आजच गाठायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)