काटेरी कोषाचे दार

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तो बुंदेलखंडचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. जमिनीखाली शिलारस थिजून बनलेल्या त्या पाषाणात जीवाश्म शोधणे व्यर्थ होय. त्यासाठी समुद्रतळाचा गाळ हवा. झाशीहून आगगाडीने लखनौ गाठले, तर बिरबल साहनी यांनी १९४६ साली स्थापिलेल्या संस्थेत तो गाळ भेटतो. कच्छ, खासी टेकड्या आणि कावेरीचे खोरे येथील सागरी खडकांतून निघालेले डायनोफ्लॅजेलेटांचे कोष तेथे अभ्यासले गेले आहेत.

हे नाव अवघड असले तरी जीव अगदीच अपरिचित नाही. कोकणच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री लाटा निळसर उजळतात, तो उजेड याच कुळातील एका एकपेशीय जीवाचा. त्याचे अनेक भाईबंद अंगावर तुकड्यातुकड्यांचे चिलखत घालतात. कमरेभोवतीच्या खाचेत एक चाबकासारखा तंतू, दुसरा मागे लोंबणारा. त्यांच्या बळावर ते गिरक्या घेत पोहतात. चिलखत पुढे कुजून जाते. परंतु काही जाती आयुष्याच्या एका टप्प्यात आत एक चिवट कोष तयार करून तळाशी विसावतात आणि तोच खडकात उरतो. खडक तीव्र आम्लांत विरघळला तरी कोषाची भिंत विरत नाही.

आकार बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम नजरेत भरतात ते काटे. आणि तेथेच फसगत झाली! जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३०च्या दशकात गारगोटीत असे काटेरी गोळे पाहिले व ते गोड्या पाण्यातील शैवालाच्या एका वंशात घातले. पुढे शंभर वर्षे काट्यांची वर्णने वाढत गेली; जीव कोणता, हे मात्र ठरेना.

अमेरिकी भूवैज्ञानिक विल्यम एव्हिट यांनी १९६१ मध्ये काट्यांऐवजी भिंतीतील भोकाकडे लक्ष वेधले. ते भोक फुटलेले नव्हते. ठरावीक जागी, ठरावीक आकाराचे, चिलखताच्या एका किंवा अधिक तुकड्यांएवढे ते दार होते. आतला जीव तेथून बाहेर पडला होता. मग काट्यांची मांडणीही बोलू लागली. स्पिनिफेराइटिसमध्ये ते तुकड्यांच्या कोपऱ्यांवर उगवतात आणि टोकांशी फाटतात. हिस्ट्रिकोस्फेरिडियममध्ये प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी कर्ण्यासारखी एकच नळी असते. पहिल्याचे दार पाठीवरच्या एका तुकड्याचे, तर दुसऱ्याचा माथाच टोपीसारखा निघतो. त्याच दशकात आजच्या समुद्रगाळातले जिवंत कोष प्रयोगशाळेत उबवले गेले, तेव्हा स्पिनिफेराइटिसमधून गोनियाउलॅक्स पोहत बाहेर आला.

खनिज तेलासाठी विहीर खणताना खडकाचे वय याच जातींवरून ठरविले जाते. म्हणून वर्णनात दाराची जागा न लिहिणे हा लहानसा दोष मानता येत नाही. पुष्कळदा सुटलेले झाकण कोषापासून दूर, एकटेच काचपट्टीवर सापडते. घाईचा निरीक्षक त्यालाच निराळा जीव समजून बसेल.