चालीचे मोजमाप
(संस्थेच्या महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



माणसाची चाल मोजता येते काय, एवढाच माझा आजचा विषय आहे.

दाराशी कोण आले हे आपण पावलांच्या आवाजावरून ओळखतो. पण तीच चाल हळूहळू मंदावत गेली तर ते कोणाच्या ध्यानी येत नाही. माझ्या अम्मींच्या बाबतीत असेच झाले. त्या जानमाजवरून खुर्चीवर आल्या, पाऊल आखूड पडू लागले. आम्ही ‘वय झाले’ म्हणून मोकळे झालो. पुढे त्या अंगणात पडल्या व मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी विचारले, “चाल केव्हापासून मंदावली?” मी गणिताचा शिक्षक, पण मजजवळ उत्तर नव्हते.

हा यत्न जुना आहे. 1882 साली फ्रान्समधील मारे ह्या शास्त्रज्ञाने सेकंदास 12 चित्रे घेणारा, बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा बनविला. हल्लीच्या प्रयोगशाळांत अंगावर चकाकते मणी चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी चित्रण करतात. काम अचूक, पण खर्च मोठा.

नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कायनेक्ट’ हे खेळाचे उपकरण अमेरिकेत 150 डॉलरांस विक्रीस आणले. ते अदृश्य अवरक्त किरणांचे ठिपके समोर टाकी, त्यांच्या सरकण्यावरून अंतर काढी आणि शरीरातील 20 सांध्यांची जागा सेकंदास 30 वेळा टिपी. त्यावरून पावलाची लांबी व वेग काढता येतो, हे संशोधकांनी हेरले. मात्र चार मीटरांपलीकडे त्याला नीट दिसत नसे, भर उन्हात ते निरुपयोगी ठरे आणि घोट्याचा कोन विश्वासार्ह मिळत नसे. 2017 साली त्याचे उत्पादन थांबले. पण आता मोबाइलच्या चित्रणावरूनही सांधे ओळखता येतात.

आपल्या ग्वाल्हेरीत 1957 साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. हालचालींचे शास्त्र तेथे शिकविले जाते. तेथील जाणकारांचा सल्ला घेऊन संस्थेने असा एखादा कॅमेरा बसवावा, ही माझी विनंती.

तोवर खडू आणि घड्याळ पुरे. सभागृहात 6 मीटरांची रेघ आखा. दोन्ही टोकांस थोडी मोकळी जागा ठेवा. वडीलधाऱ्यांना नेहमीच्या चालीने दोनदा चालू द्या व सरासरी काढा. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषाप्रमाणे सेकंदास 1 मीटरहून कमी वेग हा मंद समजावा. म्हणजे 6 सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास डॉक्टरांस दाखवावे. हे निदान नव्हे, केवळ इशारा आहे.

अम्मी आता काठीने चालतात. दर महिन्यास मी वहीत सेकंद लिहितो. प्रथम 14 होते, परवा 11 झाले. त्यांनीच विचारले, “किती आले रे?”

ह्या वेळी माझ्याजवळ उत्तर होते.